आभाळातून न दिसलेली गाडी

इंदूरला मी पाच दिवस होते आणि ते जवळजवळ सगळे ट्रकच्या आवारात काढले. राजवाडा पाहिला तो रिक्षातून जाताजाता, तोही अर्धा, कारण मध्ये एक बस आली. त्यामुळे ज्यांना इंदूरची प्रेक्षणीय स्थळं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. मला विचाराल तर मी त्या आवाराबद्दल, तिथल्या माणसांबद्दल आणि मी केलेल्या एका चुकीबद्दल सांगेन. चूक चांगलीच अंगाशी येणार होती. ते थोडक्यात टळलं, म्हणून आज घरी बसून मजेत लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची पुण्यातली लहानशी कंपनी ट्रकवर एक यंत्र बसवते. केबिनच्या टपावर बशीएवढी पांढरी टोपी आणि आत सीटखाली एक डबी. टोपी उपग्रहाशी बोलते आणि गाडी कुठं आहे हे दर अर्ध्या तासाला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. आपल्याकडे खिशात मोबाईल घेऊन फिरणाऱ्याकडे लोक अजून वळून पाहतात, तिथं ट्रक थेट आभाळाशी बोलतो म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ड्रायव्हर लोक त्या टोपीला छत्री म्हणतात. मीही आता छत्रीच म्हणते.

आम्हाला बोलावणारी इंदूरची कंपनी तातडीच्या मालाची. साधा ट्रान्सपोर्टवाला गाडी भरेपर्यंत थांबतो. इथं एकच खोकं असलं तरी गाडी निघते, कारण ते खोकं वेळेवर पोचलं नाही तर कुठंतरी एखादा कारखाना बंद पडतो. पीथमपूरला नवे कारखाने आल्यापासून असा माल वाढला आहे. तरीही गाड्या जास्त आणि माल कमी, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत आवारात बसलेला असतो. पुढचा माल कुणी न्यायचा, हे आता माणसाऐवजी आमचा कॉम्प्युटर ठरवणार होता. छत्र्या पंधरा दिवसांपूर्वीच बसवून झाल्या होत्या. मी गेले होते ती हा नंबर सुरू करून द्यायला.

सोमवार, पोहे आणि पितळी बिल्ले

उतरले स्नेहलतागंजमधल्या एका लॉजवर. सकाळी खाली टपरीवर पोहे मागितले तर त्याच्यावर शेव, बडीशेप, डाळिंबाचे दाणे, कसलासा आंबट-तिखट मसाला आणि शेजारी जिलेबी. मी पुण्याची. पोह्यांवर खोबरं-कोथिंबिरीपलीकडे काही पडलं की माझं नाक आपोआप मुरडतं. दोन घास खाल्ले आणि गुपचूप दुसरी प्लेट सांगितली. घरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

आवार शहराबाहेर, देवासच्या रस्त्याला. एका बाजूला पत्र्याची लांबलचक शेड, समोर मोकळी जागा, कोपऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस. ऑफिसच्या खिडकीत बोंद्रेकाका बसलेले. साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा सदरा, पेनाला टोपण लावल्याशिवाय न बोलणारे. नंबर लावण्याचं काम आजवर त्यांच्याकडे होतं, म्हणजे मी आले होते ती त्यांचंच काम काढून घ्यायला. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत मला चहा पाजला.

"बसून घ्या मॅडम, सेठजी यायला टाइम आहे. तोवर माझं कॉम्प्युटर पाहून घ्या," ते म्हणाले.

त्यांचं कॉम्प्युटर म्हणजे भिंतीवरची एक जाड सागवानी फळी. तिच्यावर ओळीनं खिळे आणि खिळ्यांना पितळी बिल्ले, प्रत्येकावर आकडा ठोकलेला. बोंद्रेकाका तीस वर्षं कापडाच्या गिरणीत हजेरीबाबू होते. सकाळी भोंगा झाला की कामगार गेटवर आपला बिल्ला लावायचा, त्यावरून हजेरी. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा ही फळी काकांनी मागून आणली. ते इथं लागले आणि गिरणीतले आठ-दहा कामगारही मागोमाग ड्रायव्हर होऊन आले. कुणी मागावर होता, कुणी रंगखात्यात. नियम तोच राहिला. गाडी आवारात आली, ड्रायव्हरनं तोंड धुतलं, पाणी प्यायला, की त्यानं स्वतःच्या हातानं बिल्ला शेवटच्या खिळ्याला लावायचा. माल आला की पहिल्या खिळ्याचा माणूस निघायचा आणि बाकीचे एकेक खिळा पुढं सरकायचे.

"तोंड धुतल्यावरच का?" मी विचारलं.

"रातभर चालवून आलेला आदमी बिल्ला लावायच्या घाईत असतो ना. त्याला जरा बसवून घ्यायचं. दोन गाड्या सोबत आल्या, तर तेवढ्यात आपसात ठरवूनही घेतात. झगडा माझ्यापर्यंत येत नाही."

मला हे गोड वाटलं, आणि गोड वाटलेल्या गोष्टीकडे आपण जसं दुर्लक्ष करतो तसं मी केलं. फळी चाचणीपुरती बंद ठेवायची, असं सेठजींनी आल्या आल्या सांगितलं. सेठजी चाळिशीचे, उत्साही, बोलताना खिशातली किल्ली फिरवणारे. "आठ दिन कोई हाथ नहीं लगाएगा। जो स्क्रीन बोले, वही नंबर। ठीक है मैडम?" मी ठीक आहे म्हटलं. उलट छाती फुगवून म्हटलं की आता वशिल्याला जागाच नाही.

दुपारी आवारात होते तेवढ्या ड्रायव्हरांना गोळा करून मी यंत्राची ओळख करून दिली. माझं हिंदी पुण्याचं. तरी सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी मी छत्रीकडे बोट दाखवून बजावलं, "इसको संभालना, बहुत नाज़ुक चीज़ है।" पंधरा-सोळा माना हलल्या.

सगळे पांगल्यावर एकजण थांबला. वसंत खैरनार. उंच, किडकिडीत, पन्नाशीचा. वडील खानदेशातून इंदूरला गिरणीत आले, हाही पुढं त्याच गिरणीत मागावर वीस वर्षं. मराठी बोलत होता, इंदूरची.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या मशिनीत शुक्रवारी माझा नंबर कितवा येईल?"

शुक्रवारीच का, तर दर शुक्रवारी दुपारी पीथमपूरहून एक पेटी पुण्याला भोसरीत जाते. खैरनारची मुलगी सुनीता पुण्यात नर्सिंग शिकते. रविवारी सकाळी त्यांचा दिवे देण्याचा समारंभ होता, पहिलं वर्ष पार पडलं की करतात तो. वर्षभरात बाप एकदाही पुण्याला गेला नव्हता. सुट्टी घेतली तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाते आणि परत मिळेलच असं नाही. मालाबरोबर गेला तर प्रश्नच नव्हता. त्यानं खिळे मोजून हिशोब बसवला होता. आज नागपूरचा माल घेऊन जायचं, गुरुवारी दुपारपर्यंत परत यायचं, तेव्हा पुढं दोघं असतील, ते शुक्रवार सकाळपर्यंत निघून जातील, आणि दुपारी पहिला खिळा त्याचा.

"तुमचा हिशोब बरोबर असेल तर मशीनही तेच सांगेल," मी म्हटलं. "मशीन कुणाचा नंबर खात नाही."

तो समाधानानं हसला आणि नागपूरला निघून गेला. हे वाक्य मी किती सहज बोलून गेले, ते आठवलं की अजून कान तापतात.

मंगळवार-बुधवार, मानपूरचे बाफले

मी नकाशावर इंदूरभोवती एक मोठं वर्तुळ काढलं होतं. गाडी वर्तुळात शिरली की कॉम्प्युटर नंबर लावणार, आवारापर्यंत यायची वाट पाहणार नाही. कागदावर फार सुंदर दिसत होतं. मुंबईकडून येणाऱ्या रस्त्यावर घाट चढून आलं की मानपूर लागतं. ते वर्तुळाच्या आत, अगदी कडेला.

मंगळवारी दुपारी स्क्रीनवर पहिला नंबर सलीमभाई नावाच्या ड्रायव्हरचा. पीथमपूरहून फोन आला, माल तयार आहे, गाडी पाठवा. सलीमभाईची गाडी मानपूरला उभी. अर्ध्या तासानं पाहिलं, उभी. त्याच्यामागच्या दोन गाड्याही मानपूरलाच उभ्या. मला वाटलं घाटात काहीतरी झालं. सेठजींनी जीप काढली आणि आम्ही निघालो.

तिघंही एका ढाब्याच्या बाजेवर ओळीनं बसले होते. समोर बाफले, म्हणजे उकडून भाजलेले आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, डाळ, लसणाची चटणी. आम्हाला पाहून सलीमभाई अदबीनं उठला.

"यहाँ क्यों बैठे हो?" सेठजी.

"नंबर तो लग गया ना सेठजी," सलीमभाई म्हणाला. "मैडम ने बोला था, घेरे में आए कि हाज़िरी लग गई। अब आराम से खाना खा रे थे भिया।"

नंतर बोंद्रेकाकांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. गिरणीत अगदी असंच व्हायचं म्हणाले. भोंग्याच्या आत बिल्ला लावायला माणूस धावत यायचा आणि बिल्ला लागला की आधी चहाला जायचा. हजेरी लागणं आणि कामाला लागणं यात अर्धा तास धरूनच चालायचं. मी तीन महिने खपून जो प्रोग्राम लिहिला त्यात हा अर्धा तास धरलेला नव्हता. ढाब्यावरून रिकाम्या पोटी परतायचं कशाला म्हणून आम्हीही बाफले खाल्ले. चुरून, वर डाळ घालून, आणखी तूप घेऊन. त्या दिवशी कामाचं पार वाटोळं झालं, पण जेवणाबद्दल माझी तक्रार नाही.

बुधवारी मी वर्तुळ आवाराच्या भिंतीपर्यंत आवळलं. फाटकातून गाडी आत आली तरच नंबर. सेठजींनी आणखी एक नियम घालायला लावला. त्यांना संशय होता की नंबर लागल्यावर काहीजण यंत्र बंद करून गाडी घेऊन आपल्या कामाला जातील. म्हणून दोन तास गाडीकडून काही कळलं नाही तर नंबर रद्द. मला ते पटलं. बंद पडलेल्या यंत्राची दुसरी कारणं असू शकतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवार, खिडकीच्या अलीकडून

गुरुवारी सगळं सुरळीत चाललं होतं. माणसं फाटकातून आली की स्क्रीनवर नावं खाली लागत होती, माल आला की वरचं नाव निघत होतं. आतल्या खोलीत पाहिलं तर बोंद्रेकाका फळीवर बिल्लेही लावून घेत होते. मी हसून विचारलं, "काका, हे कशाला आता?"

"आदत आहे. हात बसत नाही रिकामा. तुम्ही तुमचं करून घ्या."

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी खैरनारची गाडी नागपूरहून आली. तिसरा नंबर लागला. मलाच बरं वाटलं. मग मी काकांच्या घरी जेवायला गेले, कारण काकूंनी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्याकडे पुरणपोळी होती, पण ती दुधाऐवजी कढीबरोबर खातात, आणि त्याबद्दल मी काही बोलले तर काकूंना राग येईल म्हणून काकांनी मला आधीच डोळ्यानं खूण केली होती. भुट्ट्याचा कीसही होता. मी इतकी जेवले की परत आल्यावर खुर्चीतून उठवेना.

स्क्रीन पाहिली तर खैरनारचं नाव गेलेलं. दोन तास गाडीकडून काही कळलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, गेला वाटतं घरी गाडी घेऊन, इतकं पुण्याला जायचं होतं तर थांबायला काय झालं होतं. खिडकीतून मान बाहेर काढली असती तर गाडी शेडसमोर मोकळ्यावर उभी दिसली असती. मी मान काढली नाही. संध्याकाळी सलीमभाईची गाडी आली आणि त्याचं नाव लागलं.

शुक्रवार, पुण्याचा माल

सकाळपर्यंत पुढचे दोघं निघून गेले, अगदी खैरनारनं मोजलं होतं तसे. अकराला पीथमपूरचा फोन आला. पुण्याची पेटी तयार. ड्रायव्हर खिडकीसमोर जमले. पुढं खैरनार, दाढी केलेला, धुवट पांढरा शर्ट, हातात एक कापडी पिशवी. त्याला तिथं पाहून मी चमकले, पण स्क्रीनवर जे होतं तेच मी वाचलं.

"सलीमभाई."

सलीमभाईच जागचा हलला नाही. "मेरा कैसे मैडम? मैं तो शाम को आया। खैरनार कल दोपहर से यहीं पड़ा है।"

"स्क्रीनवर ते नाहीतच," मी म्हटलं. माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल मी हे बोलत होते.

सेठजी बाहेर आले. त्यांनी किल्ली फिरवली आणि स्वच्छ सांगितलं की चाचणी म्हणजे चाचणी, आज एकासाठी हात घातला तर उद्या रोज घालावा लागेल. यात चूक काही नव्हतं, सोमवारी मीच ते मान्य केलं होतं. सलीमभाईनं मग सरळ मार्ग काढला. "ले जा यार तू। मेरी तरफ़ से ले जा। मैं पीछे लग जाऊँगा।"

खैरनारनं मान हलवली. "नाही भिया. मेहेरबानीचा माल नाही नेणार."

मला वाटलं, काय हा हट्टीपणा. पोरीचा समारंभ महत्त्वाचा की हे? बोंद्रेकाका माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी हळूच सांगितलं. गिरणी बंद व्हायच्या आधी माणसं टप्प्याटप्प्यानं काढली. जुन्यांनी शेवटी जायचं असं ठरलं होतं. खैरनार जुना. पण कुणीतरी कुणाच्या तरी ओळखीनं यादीत वर गेलं आणि हा पहिल्या यादीत आला. "यादी गेटवर मीच चिपकवली होती," काका म्हणाले. "मला माहीत होतं गडबड आहे. नोकरीच्या भीतीनं बोललो नाही. हा आजपर्यंत मला त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही."

हे ऐकून मला फार लाज वाटली. आणि रागही आला, आपलाच. मी उठले, खुर्चीवरून नव्हे, ज्या खोट्या ऐटीवर पाच दिवस बसले होते तिच्यावरून, आणि शेडकडे चालू लागले. सगळे मागोमाग.

गाडी काल दुपारी उभी केली तिथंच होती. मी पंजाबी ड्रेस सावरत पायरीवर चढले, मग चाकाच्या वर, मग टपावर डोकावले. छत्री दिसेना. छत्रीच्या जागी एक पत्र्याचा गोल डबा पालथा घातलेला, आणि तो हलू नये म्हणून सुताच्या पट्टीनं चारी बाजूंनी नीट बांधलेला.

"हे काय आहे?" मी वरूनच विचारलं.

"झाकलंय," खैरनार म्हणाला. "गाडी उभी केली की झाकतो, निघताना काढतो. माग पण असाच झाकायचो, पाळी संपली की. धूळ नको ना बसायला." आणि मग थोडं संकोचून, "तुम्हीच म्हणाल्या होत्या ना मॅडम, नाजूक आहे, संभाळा."

पंधरा-सोळा माणसांना मी ते सांगितलं होतं. त्यातल्या एकानं ऐकलं. आणि त्या ऐकल्याबद्दल मी त्याचा नंबर कापला होता.

मी टपावर तशीच बसून डबा सोडवला. खाली ऑफिसात येऊन दहा मिनिटं वाट पाहिली. छत्रीला आभाळ दिसलं आणि डबीनं साठवून ठेवलेली नोंद पाठवली. इंजिन गुरुवारी बारा दहाला बंद झालं, तेव्हापासून एकदाही सुरू झालेलं नाही, गाडी जागची हललेली नाही. मी सेठजींना स्क्रीनसमोर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक यांची नाही, माझी आहे. मशीनला डोळ्यांवर झाकण पडलं तर माणूस पळाला असं वाटतं. तो नियम मी लिहिला आणि तो चुकीचा आहे. हे मी माझ्या अहवालातही लिहिणार आहे."

सेठजी व्यापारी माणूस. ते लगेच विरघळले नाहीत. "कल सब डब्बा लगा के घूमेंगे, फिर? मशीन को कैसे पता चलेगा गाड़ी अंदर है?"

"मशीनला नाही कळणार," मी म्हटलं. "कुणीतरी पाहावं लागेल."

सेठजी आतल्या खोलीत गेले. फळीवर पहिल्या खिळ्याला खैरनारचा बिल्ला होता, दुसऱ्याला सलीमभाईचा, आणि शेजारी काकांच्या बारीक अक्षरात खडूनं दोघांच्या वेळा. बारा दहा. सेठजींनी ते पाहिलं, पुन्हा स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "लिखो। पूना, खैरनार।" मग काकांकडे वळून, "बोंद्रे जी, बाहर की गाड़ी मशीन देखेगी, अंदर की आप। ये बोर्ड उधर खिड़की में लगवा दो।"

बोंद्रेकाकांनी पेनाचं टोपण काढलं आणि नोंदवहीत ओळ ओढली. ओळ मात्र वाकडी आली.

रस्ता

माझं शनिवारचं बसचं तिकीट होतं. मी ते सोडून दिलं. रस्त्यावर छत्री कशी चालते ते पाहायचं आहे असं मी ऑफिसला कळवलं, आणि घरी काहीच कळवलं नाही, कारण दोन मुलांची बेचाळीस वर्षांची आई ट्रकमधून येते आहे म्हटल्यावर फोन फार लांबला असता. काकूंनी शिदोरीत थेपल्यासारखं काहीतरी जाड आणि चविष्ट दिलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

ट्रकच्या केबिनमधून जग फार छान दिसतं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. आपण उंच असतो आणि सगळं सावकाश मागं जातं. घाट उतरलो, खलघाटला नर्मदा लागली. पुलावर खैरनारनं गाडी हळू केली, एक नाणं नदीत टाकलं आणि मलाही एक टाकायला दिलं. पाणी संथ, काठावर टरबुजांच्या वाड्या घालायची तयारी चाललेली. सेंधव्याच्या पुढे हद्द ओलांडली आणि पाट्या मराठी झाल्या. तिथं चहा प्यायलो. आलं नव्हतं, साखर मात्र भरपूर. मी म्हटलं, आलो आपल्याकडे. खैरनार म्हणाला, "तुमच्याकडे. आमचं इंदूर मागं गेलं." पण धुळ्याजवळ आल्यावर तो आजूबाजूला फार निरखून पाहायला लागला. वडिलांचं गाव तिथून आत कुठंतरी होतं, त्यानं ते एकदाच पाहिलं होतं.

त्यानं सुनीताबद्दल खूप सांगितलं. गिरणी बंद झाली तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वह्यांना लावायला तो गिरणीतून कापडाच्या ठाणावरचे रंगीत छाप आणायचा, ते बंद झाले. नर्सिंगचा फॉर्म तिनं स्वतः भरला. वर्षभर ती पत्रात एकच विचारत होती, की बाबा कधी येणार. त्यानं प्रत्येक वेळी लिहिलं, नंबर लागला की येतो. "तिला वाटलं असेल मी टाळतो," तो म्हणाला. रात्री ढाब्यावर त्यानं चार तास गाडी थांबवली आणि मी केबिनमध्ये मेल्यासारखी झोपले, म्हणून रात्रीचं काही सांगत नाही.

शनिवारी दुपारी भोसरीत पेटी उतरली. कारखान्याचा माणूस फाटकातच वाट पाहत होता. त्यानं घड्याळ पाहिलं, सही केली आणि पेटी आत पळवली.

रविवार, पुणे

ट्रक गावाबाहेर लावून खैरनार सकाळी पीएमटीनं आला. मी त्याला बसथांब्यावर घेतलं आणि स्कूटरवर मागं बसवलं. इतका उंच माणूस माझ्या स्कूटरवर मावत नव्हता. पुणेकर नेहमीप्रमाणे बघत होते.

सभागृहात जागा नव्हती. आम्ही मागं भिंतीला टेकून उभे राहिलो. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली ओळीनं पुढं जात होत्या आणि मोठ्या दिव्यावरून आपला दिवा पेटवून घेत होत्या. खैरनार पिशवी पोटाशी धरून प्रत्येक मुलीकडे, ही का ही का, असं पाहत होता. गणवेशात त्याला ओळखूच येईना. शेवटी नाव पुकारलं, सुनीता वसंत खैरनार, आणि त्याच्यासारखीच उंच, किडकिडीत मुलगी पुढं झाली. दिवा लावून ती वळली, तेव्हा तिनं सभागृहात नजरही टाकली नाही. आपल्यासाठी कुणी आलेलं नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

समारंभ संपल्यावर आईबापांची एकच गर्दी झाली. ती एका बाजूला दिवा विझवून उभी होती. खैरनार तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, आणि पहिल्यांदा काय विचारावं? डोळे भरलेले, पण आवाज काळजीचा.

"बाबा, सुट्टी घेतली? गाडी गेली का हातची?"

"नाही बेटा," तो म्हणाला. "सुट्टी नाही, कुणाची मेहेरबानी नाही. माझा नंबर होता, म्हणून आलो."